अख्तियार कोणाचा?

मराठीत या आजाराला कंपवात म्हणतात. उर्दूत शब्द आहे राशा. इब्न सीनाच्या ‘अल-कानून’मध्ये राशावर चर्चा आहे, आणि आयुर्वेदातही कंपवाताचे वर्णन सापडते. थरथरणारा हात माणसाने फार पूर्वीपासून पाहिलेला आहे. मात्र आज या आजाराला जे नाव आहे ते लंडनच्या एका डॉक्टरचे. जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली एक छोटी पुस्तिका लिहिली. तिच्यात सहा रुग्णांचे वर्णन होते. त्यांतले काही तर त्यांनी नुसते रस्त्याने जाताना पाहिलेले होते. हात थरथरतो, चाल पुढे झुकते, माणूस चालता चालता धावू लागतो, असे सगळे त्यांनी बारकाईने टिपले. आणि व्याख्येतच एक गोष्ट ठामपणे नोंदवली, ती म्हणजे या आजारात इंद्रिये आणि बुद्धी शाबूत राहतात. शरीर बिघडते, माणूस तोच राहतो.

आमच्या घरात हा आजार कळला तो मुहम्मद अलीमुळे. १९८४ मध्ये त्यांना पार्किन्सनचे निदान झाले होते. १९९६ साली अटलांटा ऑलिंपिकची ज्योत पेटवताना त्यांचा हात साऱ्या जगाने पाहिला. मी तेव्हा लहान होते, ते दृश्य मी फार नंतर पाहिले. त्या वेळी सगळ्यांच्या मनात एकच भावना होती, आणि ती पार्किन्सन यांच्या व्याख्येला धरूनच होती. या थकलेल्या शरीराच्या आत तोच अली आहे, त्याला काही झालेले नाही.

हे वाटणे माणसाला धीर देणारे आहे. पण गेल्या तीसएक वर्षांत या आजारावर एक असा इलाज आला की त्याने या धीरालाच प्रश्न विचारला. मेंदूत खोलवर एक बारीक तार बसवायची, तिच्यातून सतत वीज सोडायची आणि थरथर थांबवायची, असा हा इलाज. त्याला डीप ब्रेन स्टिम्युलेशन म्हणतात. थरथर थांबते, हे खरे. पण काही जणांच्या बाबतीत तीच वीज माणसाचे रडणे, हसणे, हौस, राग, उधळेपण यांनाही स्पर्श करते. मग एखादा निर्णय कोणाचा मानायचा, माणसाचा की विजेचा? आपल्या भाषेत विचारायचे तर, अख्तियार कोणाचा? हा प्रश्न डॉक्टरांवर सोडून आपण मोकळे होऊ शकत नाही असे मला वाटते. म्हणून मी डॉक्टर नसूनही लिहिते आहे.

आधी तार काय करते ते पाहू. बी.एड.ला असताना मानसशास्त्राच्या पेपरात मेंदूची आकृती काढून मी पाच गुण मिळवले होते. त्या आकृतीत मोठा मेंदू, लहान मेंदू आणि मज्जारज्जू एवढेच होते. पार्किन्सनचा सगळा खेळ चालतो तो त्या आकृतीत नसलेल्या भागात, मेंदूच्या अगदी तळाशी. तिथे काळसर रंगाच्या पेशींचा एक पट्टा असतो. त्या पेशी डोपामिन नावाचे रसायन बनवतात. हात उचलणे, पाऊल टाकणे, चेहऱ्यावर हसू आणणे या हालचाली सहज व्हायला हे डोपामिन लागते. पार्किन्सनमध्ये या पेशी हळूहळू मरत जातात. १९६० मध्ये व्हिएन्नात ओलेह होर्निकिएविच यांनी मरण पावलेल्या रुग्णांच्या मेंदूत डोपामिन किती कमी झालेले असते ते दाखवून दिले. पुढे लेव्होडोपा या औषधाने हजारो लोकांना पुन्हा चालते केले. (हेच लेव्होडोपा आपल्या बांधावरच्या खाजकुहिलीच्या बियांत असते. ज्या शेंगेला हात लावायला आम्ही मुले घाबरायचो, तिच्यात हे औषध दडलेले असेल असे कोणाला वाटले असते?) पण वर्षे जातात तशी गोळीचा असर तुटक होत जातो. दोन गोळ्यांच्या मधल्या वेळात शरीर दगड होते, आणि गोळी चढली की ते नको तितके वळवळू लागते.

डोपामिन कमी झाले की मेंदूतल्या पेशी बंद पडतात असे मला आधी वाटत होते. प्रत्यक्षात त्यांतल्या काही पेशी जास्तच बोलू लागतात, आणि तेही सगळ्या एकदम. सबथॅलॅमिक न्यूक्लियस नावाचा एक पुंजका आहे. आकार मसुरीसारखा, माप साधारण वाटाण्याएवढे. पार्किन्सनमध्ये या पुंजक्यातल्या पेशी सेकंदाला १३ ते ३० वेळा अशा एका लयीत, एकसाथ धडधडू लागतात. शास्त्रज्ञ तिला बीटा लय म्हणतात. शिक्षिकेला हे समजायला वेळ लागत नाही. सगळा वर्ग एका सुरात पाढे म्हणत असेल तर एखाद्या मुलाने दिलेले वेगळे उत्तर ऐकू येत नाही. हात उचल, हा मेंदूचा हुकूम त्या सामूहिक पाढ्यांत असाच बुडून जातो.

या पुंजक्याचे महत्त्व कळले ते माकडांवरच्या प्रयोगांतून, आणि त्या प्रयोगांची वाट उघडली एका दुर्दैवी घटनेने. १९८२ मध्ये कॅलिफोर्नियात काही तरुणांनी बनावट हेरॉइन टोचून घेतले. त्यात एमपीटीपी नावाचे विष मिसळलेले होते. काही दिवसांत ते तरुण पार्किन्सनच्या वृद्ध रुग्णांसारखे ताठ झाले. त्याच विषाने माकडांत हा आजार उभा करता आला. १९९० मध्ये महलोन डीलाँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा माकडांच्या सबथॅलॅमिक पुंजक्याला इजा केली, आणि माकडे पुन्हा हालचाल करू लागली. त्याच्या थोडे आधी, १९८७ मध्ये, फ्रान्समधल्या ग्रनोबल शहरात आलिम लुई बेनाबिद हे शल्यविशारद मेंदूचा दुसरा एक भाग जाळून थरथर थांबवण्याची जुनी शस्त्रक्रिया करत होते. जाळण्याआधी जागा बरोबर आहे ना हे पाहायला ते विजेचा हलका झटका देत. सेकंदाला सुमारे १०० स्पंदने दिली की न जाळताच थरथर थांबते, हे त्यांच्या ध्यानात आले. मग जाळायचे कशाला? तारच आत ठेवून द्यावी. १९९३ मध्ये त्यांच्या गटाने ती तार सबथॅलॅमिक पुंजक्यात बसवली. २००२ मध्ये अमेरिकेत या उपचाराला पार्किन्सनसाठी मान्यता मिळाली, आणि भारतातही १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून तो होतो आहे.

तार जेमतेम सव्वा मिलिमीटर जाडीची असते. तिच्या टोकाला विजेचे छोटे छोटे संपर्कबिंदू असतात. कातडीखालून ती मानेतून उतरते आणि गळ्याच्या हाडाखाली बसवलेल्या बॅटरीला जोडली जाते. वीज साधारण सेकंदाला १३० वेळा ठोके देते. हे ठोके मेंदूत नेमके काय करतात यावर अजून वाद आहे. सुरुवातीला वाटले होते की वीज त्या पुंजक्याला गप्प करते, जाळल्यासारखेच. मोजमापे घेतली तेव्हा चित्र गुंतागुंतीचे निघाले. पेशींची मूळ शरीरे काहीशी शांत होतात, पण त्यांच्यातून बाहेर जाणारे तंतू उलट विजेच्या ठोक्यांबरोबर जोराने बोलू लागतात. पाढ्यांचा सामूहिक सूर मोडतो, हे नक्की. त्याच्या जागी जणू एक एकसुरी घंटा वाजत राहते. घंटेत काही अर्थ नसतो, पण तिच्या आवाजात मुले आपापले काम करू शकतात. आजार मात्र बरा होत नाही. पेशी मरायच्या त्या मरतच राहतात. बटण बंद केले की थरथर काही सेकंदांत किंवा मिनिटांत परत येते, आणि चालण्यातली अडचण काही तासांत.

इथपर्यंत सगळे ठीक आहे. हाताला वीज दिली, हात सुधारला. अडचण अशी की त्या वाटाण्याएवढ्या पुंजक्याचा सगळाच भाग हालचालीचा नाही. एक कोपरा विचाराशी जोडलेला आहे, एक कोपरा भावनेशी. त्यांच्यात भिंत नाही. वीज थोडी सांडली किंवा तार किंचित खाली गेली, की ती दुसऱ्याच्या घरात शिरते.

१९९९ मध्ये पॅरिसच्या डॉक्टरांनी एका ६५ वर्षांच्या स्त्रीची हकीकत वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. तिला नैराश्याचा इतिहास नव्हता. तारेच्या ज्या बिंदूने तिची थरथर थांबत होती, त्याच्या फक्त दोन मिलिमीटर खालच्या बिंदूतून वीज सोडली तेव्हा काही सेकंदांत तिचा चेहरा पडला आणि ती रडू लागली. जगण्यात काही अर्थ उरलेला नाही, अशा आशयाचे ती बोलत होती. वीज बंद केली, आणि दीड मिनिटाच्या आत ते सगळे दुःख नाहीसे झाले. मला या प्रसंगातले रडणे तितके अस्वस्थ करत नाही. वीज लागली की माणूस ओरडतो, तसा रडेलही. अस्वस्थ करते ते हे की ती दुःखाबरोबर त्याची कारणेही बोलत होती. दुःख विजेने दिले आणि त्याची दलील तिच्या स्वतःच्या तोंडून निघाली. आपल्या रोजच्या दुःखांचे आणि त्यांच्या दलिलींचे नाते कसे असेल, हा विचार करून पाहावा.

पण ती गोष्ट दीड मिनिटात संपली. जी संपत नाही अशी गोष्ट नेदरलँड्समधली आहे. २००४ साली तिथल्या डॉक्टरांनी ती आपल्या वैद्यकीय नियतकालिकात छापली, आणि तेव्हापासून या विषयावर लिहिणारा प्रत्येक जण तिच्यापाशी थांबतो. ६२ वर्षांचा एक गृहस्थ. पार्किन्सनने जर्जर. तार बसवल्यावर तो हिंडूफिरू लागला. पुढे त्याचा उत्साह हाताबाहेर गेला. एका विवाहित स्त्रीशी त्याने संबंध जोडले, तिच्यासाठी घर घेतले, मोटारी घेतल्या, गाडी अशी चालवली की परवाना गेला, आणि कर्जात बुडाला. त्याला स्वतःला मात्र आपल्यात काही बदल झाला आहे असे वाटत नव्हते. डॉक्टरांनी विजेचे माप बदलून पाहिले, औषधे देऊन पाहिली. मधला मार्ग सापडला नाही. वीज चालू ठेवली की शरीर चालायचे आणि मन उधळायचे. वीज बंद केली की मन ताळ्यावर यायचे आणि शरीर अंथरुणाला खिळायचे.

मग डॉक्टरांनी वीज बंद केली, आणि तो ताळ्यावर असताना त्याच्यापुढे दोन वाटा ठेवल्या. वीज बंद ठेवून शुद्ध बुद्धीने शुश्रूषागृहात पडून राहायचे, की वीज चालू ठेवून मनोरुग्णालयात राहायचे? त्याने दुसरी वाट निवडली. वीज चालू झाली आणि त्याला मनोरुग्णालयात दाखल केले गेले.

आपल्यापैकी बहुतेकांची पहिली प्रतिक्रिया अशी असेल की हे बरोबर झाले नाही. अक्कल शाबूत असताना अक्कल गमावण्याचा करार कोणी कसा करू शकतो? शहाण्याने वेडेपणावर सही करावी, आणि डॉक्टरांनी ती मान्य करावी? माझीही प्रतिक्रिया हीच होती. पण मग मी विचार करू लागले की वीज बंद असलेला माणूस खरा आणि वीज चालू असलेला खोटा, हे आपण कशावरून धरतो.

आमच्या शाळेतून निवृत्त झालेले एक सर आहेत. उर्दू शिकवायचे. त्यांचे नस्तालीक अक्षर असे की फळा पुसायला मुलांचा हात धजत नसे. निवृत्तीच्या दोनेक वर्षे आधी ते अक्षर लहान होऊ लागले. ओळ उजवीकडे नीट सुरू व्हायची आणि डावीकडे जाता जाता मुंगीएवढी व्हायची. हे पार्किन्सनचे ठरलेले लक्षण आहे, पण तेव्हा कोणाला माहीत? त्यांच्या चेहऱ्यावरचे भावही गेले. सलामला हसून जवाब देणारा माणूस नुसता बघत राहू लागला. मोहल्ल्यात बोलले जाऊ लागले की सरांना गुरूर चढला आहे. काही पालकांनी तर त्यांच्याशी बोलणे सोडले. निदान झाले, गोळी सुरू झाली, आणि सर पुन्हा हसू लागले. आता सांगा, कोणते सर खरे? ते गुरूर वाटणारे, ज्यांच्या मेंदूत गोळी नव्हती? की गोळीने हसणारे? तिथे आपण एका क्षणात सांगतो की गोळी घेतलेले सर खरे. म्हणजे बाहेरून आत आले ते खोटे, असा नियम आपण मानत नाही. जो सर आपल्याला आवडतो तो आपण खरा धरतो.

डच गृहस्थाच्या बाबतीतही, वीज बंद असतानाचा माणूस हा आजाराने घडवलेलाच माणूस होता. डोपामिन नसलेला मेंदू केवळ हात धरून ठेवत नाही, तो उमेदही धरून ठेवतो. इच्छा होणे, जोखीम घेणे, कशात तरी रस वाटणे यांनाही तेच रसायन लागते. जेम्स पार्किन्सन यांनी बुद्धीला आजाराच्या बाहेर ठेवले होते. आज कोणी तसे ठेवत नाही.

तेव्हा खरा-खोटा हा तराजू मी बाजूला ठेवते. तो कधीच समतोल राहणार नाही. २००६ मध्ये पॅरिसच्या डॉक्टरांनी शस्त्रक्रिया झालेल्या २९ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सगळ्यांच्या हालचाली सुधारल्या होत्या. तरीही २४ जोडप्यांपैकी १७ जोडप्यांत खटके उडू लागले होते. आधी नोकरीवर असलेल्या १६ जणांपैकी फक्त ९ जण कामावर परतले. काहींना आपले आपणच ओळखू येत नव्हते. यातले बहुतेक काही वेडे झालेले नव्हते. वर्षानुवर्षे जो रुग्ण होता तो एकाएकी रुग्ण राहिला नाही, आणि वर्षानुवर्षे जिने सेवा केली तिचे काम एकाएकी संपले. हे विजेचे पाप म्हणावे की बरे होण्याचे? मला वाटते यात विजेचा हिस्सा कमी आणि संसाराचा जास्त.

मग प्रश्न कुठे धरायचा? फिकहमध्ये जबाबदारीसाठी माणूस आकिल आणि बालिग असावा लागतो. म्हणजे समजदार आणि वयात आलेला. जिथे समज नाही तिथे हिशेब नाही. नशेच्या बाबतीत हनफी फुकहांनी एक बारीक भेद केला आहे. स्वतःहून निषिद्ध नशा केली तर नशेतल्या कृत्याची जबाबदारी सुटत नाही; पण औषधाने किंवा जबरदस्तीने शुद्ध हरपली तर सुटते. मी आलिमा नाही, फतवा देणे हा माझा प्रांत नाही. पण हा भेद मला उपयोगी वाटतो. तार बसवल्यावर पहिल्यांदा जे झाले, ती घरे, त्या मोटारी, ते प्रेमप्रकरण, त्याची जबाबदारी त्या गृहस्थावर टाकता येणार नाही. औषधाने घडले. आजच्या कायद्यानेही काही ठिकाणी हेच म्हटले आहे. पार्किन्सनच्या एका गोळीने जुगाराचे व्यसन लागलेल्या एका फ्रेंच माणसाला २०१२ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने जवळपास २ लाख युरो भरपाई दिली, कारण गोळीच्या माहितीपत्रकात हा धोका तेव्हा सांगितलेलाच नव्हता.

पण डच गृहस्थाने दुसऱ्यांदा वीज चालू करायला सांगितले तेव्हा त्याला सगळे माहीत होते. इथे औषधाची सबब पुरत नाही. जाणूनबुजून नशा करणाऱ्याच्या रांगेत तो बसतो का? मला वाटते नाही, आणि त्याचे कारण त्याच्या निवडीतच आहे. त्याने फक्त वीज मागितली नाही. विजेबरोबर त्याने रुग्णालयाचे दारही स्वीकारले. मी हिंडेन-फिरेन, पण चावी तुमच्याकडे असेल. मी पुन्हा कर्ज काढीन म्हणेन तेव्हा मला काढू देऊ नका. त्याने असे शब्द उच्चारले असतील असे मी म्हणत नाही, पण त्या निवडीचा व्यवहारात अर्थ हाच होता. दारू पिणारा आपल्या नशेचा भार दुसऱ्यांवर टाकतो. याने तो भार आपल्याच अंगावर घेतला. आपला अख्तियार सोडताना तो कोणाच्या हाती सोडायचा, हेही त्याने ठरवले. मी त्या निर्णयाला वेडेपणा म्हणू शकत नाही. उलट ज्या तासात तो हे ठरवत होता, त्या तासात तो पुष्कळ निरोगी माणसांपेक्षा जास्त जबाबदार होता.

यावर दोन आक्षेप मला सतावतात, आणि त्यांतल्या एकाचेच उत्तर माझ्यापाशी आहे.

पहिला आक्षेप इमाम गझालींच्या वाटेने येतो. शरीयतचा हेतू पाच गोष्टींचे रक्षण करणे आहे असे त्यांनी मांडले. दीन, जीव, अक्कल, वंश आणि माल. या गृहस्थाने अकलेचे रक्षण सोडले, असे कोणी म्हणेल. पण त्याच यादीत जीव अकलेच्या आधी येतो, आणि अंथरुणाला खिळलेला, गिळायलाही कष्ट पडणारा जीव किती दिवस सुरक्षित असतो? पार्किन्सनच्या शेवटच्या टप्प्यात माणसे न्यूमोनियाने, पडून, अन्न श्वासनलिकेत जाऊन दगावतात. शिवाय माल आणि कुटुंब वाचवण्यासाठी तर ते कुलूप होतेच. त्याच्या निवडीत पाचांपैकी बरेच काही वाचत होते. अक्कल ही एकच गोष्ट पणाला लागली, आणि तीही विजेचे बटण दाबले की परत येणारी. शराबने गेलेली अक्कल अशी हुकमी परत येत नाही.

दुसरा आक्षेप कठीण आहे. वीज बंद करून त्याला विचारले, तेव्हा तो मोकळा होता का? शरीर लाकूड झालेले, कूस बदलायला माणूस लागतो, आणि समोर डॉक्टर विचारतो आहे, बटण चालू करू का? याला संमती म्हणायचे की छळाखाली दिलेली कबुली? आपल्याकडे इक्राहाखाली, म्हणजे जबरदस्तीत, केलेल्या कराराला किंमत नसते. इथे जबरदस्ती करणारा कोणी माणूस नव्हता, आजार होता. आजाराला इक्राह म्हणता येईल का? म्हटले तर जगातल्या प्रत्येक रुग्णाची प्रत्येक संमती फोल ठरते, कारण दुखणे हेच तर रुग्णाला दवाखान्यात आणते. नाही म्हटले तर त्या माणसाच्या अंगातली ती ताठरता आपण विसरल्यासारखे होते. आणि पुढचा प्रश्न याहून अवघड. मनोरुग्णालयात वीज चालू असलेला तो माणूस उद्या म्हणेल, मला सोडा. तेव्हा कालच्या सहीला मानायचे की आजच्या शब्दाला? मी कालच्या सहीला मानीन. पण एक सही जन्मभर पुरते असे मी मानणार नाही. ठरावीक काळाने वीज बंद करून त्याला पुन्हा विचारायला हवे. आणि दर वेळी विचारणे म्हणजे त्याला पुन्हा त्या लाकडी शरीरात कोंडणे. वर्षातून किती वेळा? याचे उत्तर मला सापडलेले नाही, आणि मनाची समजूत घालण्यापुरते मी ते बनवणारही नाही.

आता तर यंत्रही बदलते आहे. आजवर विजेचे माप डॉक्टर ठरवत, आणि रुग्णाच्या हातातल्या रिमोटला डॉक्टरांनी आखलेल्या हद्दीत थोडे वर-खाली करता येई. २०२५ मध्ये अमेरिकेत अशा यंत्राला मान्यता मिळाली जे मेंदूतली बीटा लय स्वतःच ऐकते आणि वीज स्वतःच कमी-जास्त करते. पाढे वाढले की घंटा जोरात, पाढे थांबले की घंटा हळू. रुग्णासाठी हे सुखाचे आहे, कारण गरजेपुरतीच वीज मिळते. पण बीटा लय ही हालचालीची खूण आहे. यंत्र हालचालीतली अडचण ऐकते. सायंकाळी नवऱ्याने अचानक दुकान विकायचे ठरवले, हे ऐकायला त्याच्याकडे कान नाहीत. ते ऐकणारे कान घरातल्या माणसांचे.

म्हणून मला वाटते की या शस्त्रक्रियेच्या आधीची बोलणी हीच खरी नैतिक जागा आहे. ती बोलणी कोणाशी होतात? इलाजाचा खर्च कित्येक लाखांत जातो. साधी बॅटरी काही वर्षांत बदलावी लागते. माप लावायला पुन्हा पुन्हा मुंबई-पुण्याच्या वाऱ्या कराव्या लागतात. सरांच्या घरी याच खर्चाचा हिशेब दोन महिने चालला. मुलगा कर्ज काढायला तयार होता. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, तिथे असे रुग्ण आणि त्यांचे घरचे लोक एकमेकांना भेटतात, असे मी त्याला सांगितले. चाची इतके दिवस गप्प होत्या. एके दिवशी त्यांनी मला स्वयंपाकघरात बोलावून विचारले, “बेटी, मशीन लगाए तो ये वैसेच रहेंगे ना?” मी म्हटले, हे डॉक्टरांना विचारा. त्यांनी विचारले नाही. तपासणीच्या खोलीत डॉक्टर मुलाशी इंग्रजीत बोलत होते, सर होकार देत होते, आणि चाची बाहेर बाकावर होत्या.

संमतीपत्राचा नमुना मुलाने मला वाचायला आणून दिला होता. चार पाने, सगळी इंग्रजीत. रक्तस्राव, जंतुसंसर्ग, तार सरकणे, सगळे धोके होते. मनःस्थितीत बदल होऊ शकतो, असे अर्धे वाक्यही होते. पण बदल झालाच तर तो कोणाच्या शब्दावरून मानायचा, वीज कमी करा असे सांगण्याचा हक्क कोणाला, आणि रुग्ण नको म्हणाला तर काय, याबद्दल एक ओळ नव्हती. मी त्या पानाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर ते तीन प्रश्न उर्दूत लिहून दिले, मोठ्या अक्षरात, कारण सरांना आता बारीक वाचवत नाही. पुढच्या भेटीला चाचींना आत घेऊन जा, आणि हे प्रश्न त्यांनाच विचारू दे, असे मुलाला सांगितले. शस्त्रक्रियेचा निर्णय अजून व्हायचा आहे.